चौथ्या भागातलं झोपलेलं जनावर

कथा थोडक्यात

ज्या बेटावर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही असं तीन भागांत तीनदा ठरलं होतं, त्या बेटावर चौथ्या भागात माणसं पुन्हा गेली. गेली ती गेली, वर लहान मुलंही बरोबर नेली. मग कुंपणाची वीज गेली, आणि पुढे काय होणार हे वीज जायच्या आतच सगळ्या प्रेक्षागृहाला कळलं.

बाबांनी कथा एवढ्यात आटोपली होती. लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी उभ्या उभ्याच ते वाचत होती. वर्तमानपत्राकडे जाण्याआधी बाबांचं प्रत्येक परीक्षण तिच्या हाताखालून जायचं. मतांना हात लावायचा नाही, स्वल्पविराम हवे तेवढे हलवायचे, असा करार होता.

आजचं परीक्षण मात्र ती स्वल्पविरामांसाठी वाचत नव्हती.

ज्या स्टुडिओत या चित्रपटातले डायनासोर तयार झाले, तिथेच ती कामाला होती. कातडी, सुरकुत्या, पापण्या हे तिचं खातं. गेलं अख्खं वर्ष तिने एकच प्रसंग केला होता. संध्याकाळ, उथळ पाणी, पाण्यात झोपलेली एक म्हातारी मादी, आणि तिच्या अंगाला लागून चवड्यांवर चालत जाणारी माणसं. कोणी पळत नाही, कोणी ओरडत नाही. फक्त ते जनावर श्वास घेतं. तो श्वास जमावा म्हणून ती आरशासमोर बरगड्यांना टेप गुंडाळून बसायची, तेव्हापासून स्टुडिओत तिचं नाव ‘दमेकरी’ पडलं.

आणि हे सगळं एका माणसाने पाहावं म्हणून. बाबांना वर्तमानपत्रात सगळे ‘तराजू’ म्हणत. दोन बाजू मांडल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. ती सहा-सात वर्षांची असताना तिने काढलेला हत्ती पाहून ते म्हणाले होते, “रंग झकास. पण याला गुडघे नाहीत, हा बसणार कसा?” त्या तोंडून आपल्या कामाचा खरा भाव ऐकायचा, एवढीच तिची हौस होती.

जमेच्या बाजू

१. झोपलेलं जनावर. या चित्रपटात धावणारे, फाडणारे, मोटारी उलथवणारे पुष्कळ आहेत. लक्षात राहते ती पाण्यात निजलेली म्हातारी. तिची बरगडी वर येते आणि पाणी किंचित मागे सरतं, जसं कोणी चादर ओढून घ्यावं. माणसं तिच्याजवळून जातात आणि आपणही श्वास तिच्या मापाने घेऊ लागतो. मला वाटलं, ती आपल्याला पाहत नाही, आपणच तिला पडत आहोत, स्वप्नासारखे. तिने कूस बदलली तर बेट, माणसं, हे प्रेक्षागृह, सगळं पुसलं जाईल…

लेकीने कागद टेबलावर ठेवला.

हा प्रसंग चित्रपटात नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वीच कापला होता. ‘वेग मरतो’, एवढाच निरोप आला. तिने घरी कोणाला सांगितलं नव्हतं. खुर्चीत बसून बाबा वाट पाहतील आणि चित्रपट संपेल, आणि बाहेर येऊन ते काही विचारणार नाहीत, असं तिने मनाशी धरलं होतं.

हे असं मात्र धरलं नव्हतं. बाबांनी खोटं लिहिलं? लेकीसाठी? उभ्या जन्मात कोणाच्या भिडेने अक्षर न लिहिलेल्या माणसाने तराजूला बोट लावलं, तेही आपल्यासाठी? प्रसंग कापल्याचं कळलं त्या दिवशीही तिला इतकं लागलं नव्हतं.

मध्यंतर

बाबा बाहेरच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. आई गुडघ्याला शेक देत सोफ्यावर आडवी होती.

“बाबा, मध्यंतरानंतर काय होतं हो चित्रपटात?”

“कुंपण तुटतं. मग ती तुझी म्हातारी.” ते कॉलर दाबत म्हणाले. “मला माहीत नव्हतं हं तुझं काम कुठलं ते. तू आईला सांगायचीस तेव्हा मी पेपर वाचत असायचो.”

“पेपर उलटा असायचा,” आई म्हणाली.

“आणि पुलावरची मारामारी?”

“कुठला पूल?”

लेक खिडकीकडे गेली. समोरच्या भिंतीवर चित्रपटाचा फलक होता, तीन मजले उंच. पूल, पुलावर दोन राक्षसी जनावरं एकमेकांच्या नरडीला लागलेली. गेला महिनाभर गावातली पोरंटोरं त्या पुलाखेरीज दुसरं काही बोलत नव्हती.

सगळ्यात आधी ते आईच्या ध्यानात आलं. मध्यंतरानंतर, पोटात गरम चहा आणि अंगावर गार हवा पडली, की तराजूचा काटा खाली यायचा. हे गुपित फक्त आईला ठाऊक होतं. म्हणून तर ती प्रत्येक खेळाला बरोबर जायची आणि वेळेवर कोपर मारायची. आज गुडघा सुजला म्हणून ती घरी राहिली होती.

“अहो,” आई हळूच म्हणाली, “तुम्ही घोरलात का?”

कच्च्या बाजू

बाबांनी इस्त्री उभी ठेवली. लेकीने मग सगळं सांगितलं. निरोप, वेग, तीन आठवडे. सांगताना ती फलकाकडेच पाहत होती.

खोलीत इस्त्रीची वाफ तेवढी वर जात होती, थांबून थांबून, कोणीतरी मोठं, शांत, भिंतीपलीकडे निजलेलं असावं तशी.

“पण मी पाहिलं,” ते शेवटी म्हणाले. “पाणी मागे सरलेलं पाहिलं मी.”

“झोपेत, बाबा.”

“हो. झोपेत.” ते खुर्चीत बसले. “असल्या चित्रपटात माणसाला झोप लागते, ही त्याची कच्ची बाजू धरायची की जमेची?”

कोणी हसलं नाही. मग आई हसली.

त्यांनी फोन उचलला. पलीकडे उपसंपादक होता.

“परीक्षण आज जाणार नाही. मी अर्धाच चित्रपट पाहिलाय.”

“काका, पानात जागा मोकळी ठेवलीय! दुपारी फोनवर वाचून दाखवलात तो झोपलेल्या जनावराचा परिच्छेद तरी द्या, फक्कड होता.”

“तो चित्रपटात नाही.”

“मग कुठेय?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. “कापलेला आहे. जागेत जाहिरात टाक. उद्या तिकीट काढून जातो, पूल पाहतो आणि लिहितो.” फोन ठेवताना ते पुटपुटले, “तराजू म्हणे.”

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी कागदावर पहिल्या जमेच्या बाजूवर एक आडवी रेघ मारली. सावकाश, अक्षरं खालून वाचता येतील अशी.

पाहावा की नाही

“म्हणजे मला काही कळणारच नाही,” लेक त्यांच्या मागे येत म्हणाली. “स्टुडिओबाहेर तो प्रसंग नेता येत नाही. तुम्हाला कधीच दाखवता येणार नाही.”

“अगं, मी पाहिलाय ना.”

“तुमचा पाहिलात. माझा नाही.”

“तुझाच होता. महिनोन् महिने पेपराआडून ऐकत होतो.”

“मग सांगा. दोन्ही बाजू.”

त्यांनी डोळे मिटले. लेकीला वाटलं, आता काहीतरी मऊ, बापाला शोभेलसं बोलतील, आणि तसं बोलले तर ती निघून जाणार होती.

“पापणी सुरेख,” ते म्हणाले. “पूर्ण मिटत नाही. आत थोडं पाणी चमकतं. बघणाऱ्याला वाटतं, झोपलीय की आपल्याला जाऊ देतेय? ते मला विसरता येणार नाही.”

“पुढे.”

“लांबला. माणसं गेल्यावर तिच्यावर रेंगाळायला नको होतं.”

“झोपेतसुद्धा लांबला?”

“झोपेत जास्तच. आणि शेपूट.”

लेक थबकली.

“श्वास पोटात येतो, कुशीत येतो, तिथे थांबतो. शेपूट पाण्यात ओंडक्यासारखं पडून. एवढं अंग हलतं आणि टोकाला पत्ताच नाही. तिथे ती मला खोटी वाटली.”

शेपटीचं ती आईजवळ कधी बोलली नव्हती. कोणाजवळच नाही. वेळ संपला म्हणून तिने ते तसंच पुढे ढकललं होतं आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तिथे सावली दाट केली होती.

“रागावलीस?” बाबांनी डोळे उघडले.

तिने खुर्ची ओढली, कोरा कागद घेतला आणि पाण्याची एक रेघ काढली.

“शेपटीचं परत सांगा,” ती म्हणाली. “सावकाश.”