कानसेनाचं मेपल

खेळणाऱ्यांनी त्याला कानसेन म्हणायला कधी सुरुवात केली ते कुणाला आठवत नाही, पण नाव ठेवलं ते नेमकं ठेवलं. पूल या टेबलावरच्या गोट्यांच्या खेळाचे क्यू, म्हणजे गोट्या मारायच्या लांब काठ्या, बनवणारे पुष्कळ होते. लाकूड कानाने निवडणारा तो एकटाच. क्यूचा पुढचा निमुळता भाग, म्हणजे शाफ्ट, तो मेपल या परदेशी लाकडाचाच करायचा. मेपलच्या कांड्या लेथवर थोड्याथोड्या तासून बारीक करायच्या, महिनोन्महिने टांगून ठेवायच्या, पुन्हा तासायच्या. मग एके दिवशी एकेक कांडी उभी धरून फरशीवर सोडायची आणि ऐकायचं. खणखणीत वाजली की तो म्हणायचा, "ही बोलते." नाही वाजली की, "ही नुसती खोकते," आणि ती कांडी बाजूला जायची.

त्याची बायको समोरच्या बाकावर बसून शाफ्टच्या टोकांना गोटीला टेकणाऱ्या चामड्याच्या चकत्या चिकटवायची. तिला सगळा कारखाना वहिनी म्हणायचा. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, एक लेथ, क्यू तपासायला पूलचं एक जुनं टेबल, आणि केसांपासून चहापर्यंत सगळ्यावर बसणारा भुसा. तिसरा माणूस होता तो त्याचा धाकटा भाऊ.

धाकट्यानेच एकदा शाफ्टसाठी कार्बन फायबरची नळी आणली. काळी, गुळगुळीत, वजनाला हलकी. "दादा, लाकूड फुगतं, वाकतं, दमट हवेत रुसून बसतं. ही आहे तशी राहते. सगळे खेळाडू हीच मागतायत."

कानसेनाने नळी बोटांवर तोलून पाहिली. "पाणी भरायला चांगली आहे," तो म्हणाला.

धाकटा चिडला. बोलण्यातून बोलणं वाढलं. कानसेन म्हणाला, ज्याला लाकूड कळत नाही त्याने दुसऱ्या कुणाचं दुकान बघावं. त्यावर धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "कानांचा एवढा माज आहे ना? ज्या दिवशी ते जातील त्या दिवशी बघतो, तुझं मेपल कोण घेतं ते."

तो गेला तो गेलाच. सणसणीत लागलेला शब्द दोघांनीही जपून ठेवला.

पुढे काही वर्षांनी कान खरंच गेले. आधी वहिनीला कळलं. ती बाकावरून हाक मारायची आणि तो भुशाकडे बघत राहायचा. तिला वाटलं, रागावलाय. नवरे काय, कशावरूनही रागावतात. मग एका जुन्या खेळाडूने शाफ्ट परत आणून दिला आणि खाली बघत म्हणाला, "दादा, हा तुमचा वाटत नाही." कानसेनाने तो फरशीवर सोडला, पुन्हा सोडला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. समोर बसलेल्या वहिनीला मात्र तो साफ खोकताना ऐकू आला होता.

डॉक्टरने सांगितलं, लेथच्या आवाजाने गेलेत, आता परत यायचे नाहीत. कानात घालायचं यंत्र दिलं. यंत्रातून माणसांचं बोलणं कळायचं, पण कांड्या सगळ्या एकजात पत्र्यासारख्या वाजायच्या. दोन दिवस त्याने एकेक कांडी सोडून पाहिली. मग खाली बसला.

"धाकट्याला बोलाव," तो म्हणाला. "म्हणावं, तुझं खरं होतं. कार्बन करू."

"आणि कानांचं?"

"ते त्याला कळता कामा नये. त्याच्या बोलण्यासारखं झालं, हे त्याला कळायला नको. मला वचन दे."

वहिनीने वचन दिलं. यंत्र खणात गेलं.

धाकटा आला, सगळी सामग्री घेऊन आला. कार्बनची पूड नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला जाड मास्क लावून काम चालायचं, त्यामुळे बोलायचा प्रश्न फारसा आलाच नाही. जेवताना वहिनी दोघांच्या मध्ये बसायची आणि धाकट्याचं बोलणं नवऱ्याकडे तोंड करून पुन्हा म्हणायची. "वहिनी, तुम्ही माझा वकील झालात की," धाकटा एकदा हसून म्हणाला. तिने खाली बघत त्याच्या ताटात भाकरी वाढली. कानसेनाचा हात कार्बनवरही तसाच बसला. नळी कापणं, आत फोम भरणं, मुठीशी जोड घालणं, कशालाच कान लागत नव्हते. धाकट्याला तेवढं मात्र जाणवायचं, की दादा कामापुरता जवळ येतो आणि बाकी अंतर राखतो.

उरलेलं मेपल खुर्च्या बनवणाऱ्याला द्यायचं ठरलं. टेम्पो यायचा होता त्या दुपारी कानसेन दाराकडे पाठ करून कांड्यांचे भारे बांधत बसला होता. धाकटा मागे येऊन उभा राहिला. 

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी तुझ्या कानांवरून बोललो. बोलायला नको होतं. तू बोलावलंस म्हणून आलो, पण तोंडावर हे म्हणायला जमेना. म्हणून पाठीला सांगतोय. झालंगेलं विसरशील का?"

कानसेनाने सुतळी दाताने तोडली आणि दुसरा भारा ओढला.

धाकटा थांबला. मग हळूच "बरं" म्हणाला, अंगातला ॲप्रन खिळ्याला अडकवला आणि बाहेर पडला.

बाकावर बसून सगळं ऐकणाऱ्या वहिनीच्या बोटांना गोंद होता. ती तशीच उठली. गल्लीच्या टोकाला, शिंप्याच्या बंद दुकानापाशी तिने त्याला गाठलं.

"भाऊजी, थांबा. त्यांनी ऐकलं नाही."

"ऐकलं, वहिनी. चांगलं ऐकलं."

"नाही हो. त्यांना ऐकूच येत नाही."

धाकटा आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून शिंप्याच्या पायरीवर बसला. "माझं तोंड जळो," एवढंच म्हणाला.

दोघं परत आले तेव्हा कानसेनाने मान वर केली. दोन चेहरे बघून त्याला सगळं समजलं.

"सांगितलंस," तो बायकोला म्हणाला. तिने मान हलवली. तो भावाकडे वळला. "तुझ्या बोलण्याने गेले नाहीत. लेथने गेले. उगाच डोक्यात घेऊ नकोस."

धाकटा भराभरा काहीतरी बोलू लागला.

"सावकाश. आणि इकडे बघून."

"मेपल विकू नको," धाकटा एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "ऐकायचं काम मी करतो. घडवायचं तू कर."

 कानसेनाने सुटलेल्या भाऱ्यातली एक कांडी उचलून फरशीवर सोडली, तिच्यामागून दुसरी. "यातली कुठली बोलते?"

धाकट्याने डोळे मिटले. "पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा झालं. त्याचा चेहरा कसनुसा होत गेला. "दादा, मला दोन्ही सारख्याच वाटतात."

"असू दे," कानसेन म्हणाला. "असू दे."

वहिनीला कळलं होतं. पहिली बोलत होती, दुसरी नुसती खोकत होती. इतकी वर्षं समोर बसून ते आपोआप कानात मुरलं होतं. शब्द अगदी ओठांवर आला. पण मघाशी भावाला विचारताना नवऱ्याच्या डोळ्यांत जी लाचारी आली होती ती तिने पाहिली होती. आता सांगितलं असतं तर उरलेलं आयुष्य त्याला प्रत्येक कांडीमागे तिच्याकडे तसंच बघावं लागलं असतं. तिने तो शब्द गिळला. बरोबर केलं की चूक, हे तिला त्यानंतरही कधी ठरवता आलं नाही.

टेम्पो आला. भारे त्यात चढले. ती पहिली कांडीही गेली, कुठल्यातरी खुर्चीचा पाय व्हायला.

दुकान चाललं. चांगलं चाललं. जुनी गिऱ्हाइकं म्हणायची, कानसेनही शेवटी बाजाराला विकला गेला. वहिनी ऐकून घ्यायची. यंत्र खणातच राहिलं, त्यातला पत्र्याचा आवाज कानसेनाला नको होता. धाकटा आता दादाशी बोलायचं झालं की हातातलं टाकून, मास्क काढून, टेबलाला वळसा घालून समोर येऊन उभा राहायचा.

एका दुपारी धाकटा माल पोचवायला गेला होता. कानसेनाने तयार क्यू उचलून एक गोटी मारली आणि ती टेबलाच्या कोपऱ्यातल्या जाळीत पडेपर्यंत बघत राहिला.

"कसा वाजतो गं हा?" त्याने विचारलं.

रिकाम्या बाटलीवर नख मारल्यासारखा वाजत होता. ती त्याच्या समोर आली.

"बरा वाजतो."

"म्हणजे वाईट," तो म्हणाला, आणि पुढची नळी कापायला घेतली.