देव्हाऱ्यातलं लोखंड

त्या आठवड्यात घोडेगावच्या पेठेतल्या डिंपलच्या स्टुडिओत जी माणसं येत होती, ती स्वतःचा फोटो काढायला येत नव्हती. कुणी प्लास्टिकच्या पिशवीतून, कुणी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून घरातल्या सैनिकाचा जुना फोटो आणत होतं, आणि सोबत त्याची एखादी वस्तू. पितळी बक्कल, अ‍ॅल्युमिनियमचा मग, शिंपल्यांची माळ, काच तडकलेलं घड्याळ.

हे काम अमृत हवालदारांनी दिलं होतं. आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांतली बरीच पोरं एकेकाळी एकाच पलटणीत होती. श्रीलंकेत यादवी पेटली तेव्हा ती पलटण तिकडे गेली. काही जण परत आले, काहींची नुसती ट्रंक आली. आता त्या सगळ्यांचा मेळावा भरायचा होता. तिथं प्रत्येकाचा फोटो मोठा करून लावायचा आणि खाली त्याच्या वस्तूचा फोटो, असं हवालदारांच्या मनात होतं. स्वतः अमृत हवालदार रोज दुपारी येऊन बसत, आणलेले फोटो हातात घेत आणि एकेकाचं नाव सांगत. नाव सांगताना मधेच चष्मा काढून पुसत. डिंपल तेवढ्यात कॅमेऱ्याशी काहीतरी चाळा करत राही.

साळुबाई आली त्या दिवशी हवालदार समोर चहाला गेले होते. डिंपलचा नवरा अंकित लग्नाच्या ऑर्डरीसाठी मंचरला होता. चार वर्षांची खुशबू टेबलाखाली बसून खडूनं फरशीवर रेघोट्या ओढत होती.

साळुबाई तळेघरच्या वरच्या अंगाची. पहाटे वाडीवरून चालत खाली उतरली होती, मग बस. तिनं आधी नवऱ्याचा फोटो काढून दिला. धर्माजी, कोवळ्या मिशा, मागं पडद्यावर रंगवलेलं कारंजं. परवाच्या साली गेला तो, घरीच, तापानं. मग तिनं कनवटीला हात घालावा तसा पिशवीत हात घालून एक गाठोडं काढलं. खणाचं कापड सोडलं.

"ही त्यांची वस्तू. देव्हाऱ्यात असते. दर दसऱ्याला पुजतो आमी."

आत कुंकवाचे थरावर थर चढलेला एक लोखंडी गोळा होता. मुठीत मावेल एवढा, सीताफळासारखे डोळे असलेला. एका बाजूनं पट्टी, वर कडी. तेलानं आणि कुंकवानं सगळं चिकट झालेलं.

"हे काय आहे, मावशी?"

"लंकेतनं आनलेलं हाय. हात लावायचा न्हाई, एवढंच सांगायचे. तेच पुजायचे. ते गेल्यावर मी पुजते."

फोटोत नुसता लाल गोळा दिसला असता. डिंपलनं ओलं फडकं घेतलं, गोळा डाव्या हातात धरला आणि डोळ्याडोळ्यांतलं कुंकू पुसायला लागली. खालून काळं लोखंड दिसायला लागलं. कडीपाशी थर जास्त होता. तिनं फडक्याचं टोक कडीतून घालून जरा ओढलं, आणि कट् असा बारीक आवाज झाला.

कडी तिच्या बोटात आली. कडीसोबत गंजलेल्या खिळ्यासारखा एक तुकडा. त्याच क्षणी तळहाताखाली ती पट्टी हलली. झोपलेल्या जनावराची बरगडी वर यावी तशी, किंचित. डिंपलनं नकळत मूठ आवळली.

"मावशी, तुटलं हो," ती ओशाळून म्हणाली.

दारात अमृत हवालदार उभे होते. हातातला चहाचा कप खाली पडला, तो त्यांनी पाहिलाही नाही. डिंपलनं माणसाचा चेहरा असा पांढरा पडलेला कधी पाहिला नव्हता.

"सूनबाई," ते अगदी हळू म्हणाले. "मूठ उघडू नका. काही झालं तरी ती पट्टी सोडू नका. तो ग्रेनेड आहे."

शब्द कळला, पण अर्थ पोचायला वेळ लागला. मूठ तशीच धरून ती स्टुलावर बसली.

"मम्मी, मला ते लाल सीताफळ," खुशबू टेबलाखालून बाहेर आली आणि आईच्या मुठीकडे दोन्ही हात करून टाचा उंचावून उभी राहिली.

डिंपलला ओरडायचं होतं. ओरडलं तर पोरगी घाबरून हातालाच लोंबकळेल, हे तिला कळत होतं. हवालदारही जागेवर खिळलेले. तेवढ्यात साळुबाईनं पोरीला मागून उचललं, काखेत मारलं आणि मागच्या दारानं घरात नेलं. आतून सासूबाईंचा, धापूबाईंचा आवाज आला, "अगं बाई, कोण तुम्ही?" मग साळुबाईचं दबकं बोलणं, मग खुशबूचं रडणं, आणि ते रडणं लांब लांब जात गल्लीच्या पलीकडे विरलं.

साळुबाई परत आली. येऊन डिंपलच्या शेजारी फरशीवर बसली.

"मावशी, जा तुम्ही!"

"माझ्या घरातलं हाय. मी उठू कशी?"

हवालदारांनी पोलिसांना फोन लावला होता. बोलणं झाल्यावर ते पुढं आले. "पुण्याहून पथक निघतंय. तोवर... द्या माझ्याकडं. मी शिकलोय हे. अल्लद माझा हात तुमच्या हातावर ठेवतो, पट्टी मी दाबली की तुम्ही बोटं काढा."

त्यांनी हात पुढं केला. हात थरथरत होता. नुसता थरथरत नव्हता, वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो धरला, तर दोन्ही हलायला लागले.

"काका, नको."

हवालदार स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिथं न्हाई हो थरथरले कधी," ते म्हणाले, आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला मागं हटवायला लागले. थोड्या वेळानं गल्लीत शिट्ट्या वाजल्या, शटर खाली ओढल्याचे आवाज झाले, आणि भर बाजाराच्या वेळी पेठ सुनी झाली.

डिंपलनं कोपर टेबलावर टेकवलं. मूठ डोळ्यांसमोर. बोटांच्या फटीतून लाल पाणी मनगटावर उतरत होतं. कुंकू, तेल आणि तिचा घाम. तेच तिला सगळ्यात भीतीचं वाटत होतं. हात निसटत होता. प्रत्यक्षात निसटत होता की तसं वाटत होतं, ते कळेना. ती मनातल्या मनात नवकार मंत्र म्हणायला लागली, पण दुसऱ्या ओळीच्या पुढं जाता येईना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडायचं.

"मावशी, बोला काहीतरी. काहीही बोला."

साळुबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग बोलली.

"ते एकदाच बोल्ले व्हते. आमचं धाकटं झालं त्या साली. म्हनले, लंकेत एका मोडक्या घरात आमी चौघं भाकरतुकडा खात व्हतो. खिडकीतून हे आत पडलं. घरंगळत त्यांच्या पायापाशी आलं. म्हनले, उठाया व्हईना का पळाया व्हईना. नुस्तं बघत बसलो. पण फुटलं न्हाई."

"का?"

"कडी काढलीच नव्हती. टाकनारी पोरगी व्हती. शाळेतली आसंल, म्हनले, दोन वेण्या. घाबरली आसंल, कडी काढायची इसरली. खिडकीत उभी राहून ती बी बघत राहिली, का फुटंना म्हणून."

"मग तिचं काय झालं?"

"ते सांगितलं न्हाई कधी. मी इचारलं, तर उठून गेले. मग दसऱ्याला हे देव्हाऱ्यात मांडलं. मी म्हनलं, हत्याराची पूजा हाय का? तर म्हनले, न्हाई. तिचं नाव मला ठावं न्हाई, म्हणून याला निवद. इतकी वर्सं देवात हाय, मला वाटलं आता देवच झालं ते."

बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजला. दोघी दचकल्या. डिंपलच्या मुठीत पट्टी पुन्हा हलली, आणि या वेळी तिला खात्री होती.

"मावशी, सुटतंय! माझ्या बोटांत जोर नाही राहिला!"

साळुबाई उठली. तिनं आपले दोन्ही हात डिंपलच्या मुठीभोवती घातले. भात लावून, नाचणी कापून दगडासारखे झालेले हात. पकड इतकी घट्ट बसली की डिंपलची बोटं दुखली, आणि त्या दुखण्यानं तिला बरं वाटलं. दोघींची तोंडं अगदी जवळ आली. म्हातारीच्या श्वासाला मिश्रीचा वास होता.

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती की. चड्डीत मुतल्यालं पोर जसं बसतं, तशी बसलेय मी. पण त्यांनी इतकी वर्सं एकट्यानं धरलं व्हतं. आता आपुन दोघी हाय."

पथक आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. राजगुरुनगरच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती म्हणे. जाड कोट घातलेला एक तरुण साहेब एकटाच आत आला. जाड काचेच्या टोपामागं त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण आवाज शांत होता. "छान धरलंय तुम्ही. आता मी सांगेन तेवढंच करायचं. बोलायचं नाही, मान हलवायची नाही." त्यानं साळुबाईचे हात एकेक करून दूर केले. मग डिंपलच्या बोटांमधून बारीक तार ओवली. पट्टीवरून, खालून, पुन्हा वरून. तारेवर चिकटपट्टी. ते संपतच नव्हतं. डिंपलला त्याच्या कपाळावरून ओघळणारा घाम काचेतून दिसला, आणि हाही घाबरलाय हे कळलं तेव्हा तिला रडू फुटलं.

"आता सोडा."

तिनं सोडलं. हात उघडला नाही.

"ताई, सोडा."

"सोडलंय हो मी!"

बोटं तिची राहिलीच नव्हती. साळुबाईनं करंगळी धरली आणि वाळलेली शेंग सोलावी तशी उलगडली. मग दुसरं बोट. साहेबानं गोळा उचलला, वाळूच्या डब्यात ठेवला आणि डबा पोटाशी धरून संथ पावलांनी बाहेर गेला.

नदीच्या कडेला खड्डा खणून त्यांनी तो उडवला. तासाभरानं दणका झाला तेव्हा स्टुडिओची काच थरथरली आणि भिंतीवरचे दोन फोटो खाली आले. साहेब नंतर म्हणाला, आत दारू अजून कोरडी होती. त्यानं याहून जास्त सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पोलिसांनी साळुबाईला विचार विचार विचारलं. ती सगळ्याला एकच सांगत होती, "आमचा देव व्हता, साहेब." शेवटी अमृत हवालदारांनी आपल्या सहीवर तिला सोडवलं आणि शेवटच्या बसपर्यंत सोबत गेले. जाताना तिनं रिकामं खणाचं कापड घडी घालून पिशवीत ठेवलं. डिंपलला म्हणाली, "सकाळी देव्हारा मोकळा दिसंल. तिथं काय मांडू गं, बाय?"



घरात धापूबाई चुलीशी बसल्या होत्या. सूर्य केव्हाच मावळला होता. त्या जैन घरात दिवे लागल्यावर कुणी तोंडात पाणीही घालत नसे, आणि धापूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून तो नेम एकदाही मोडलेला नव्हता. खुशबू त्यांच्या मांडीवर झोपून गेली होती. अंकित बसस्टँडवरून पळत येतोय, असा फोन आला होता.

"बस. जेव."

"मम्मीजी, रात्र झाली."

"दिसतंय मला. जेव. पाप माझ्या माथ्यावर."

डिंपलनं ताटाकडे हात नेला. बोटं पुन्हा आपोआप मिटली. भाकरीचा तुकडा तिच्यानं मोडेना. तशीच मूठ ताटावर धरून ती बसली.

धापूबाईंनी नातीला हळूच बाजूला निजवलं. ताट स्वतःकडे ओढलं, घास केला आणि सुनेच्या ओठांशी नेला.

"खिडकी लावून घ्या," डिंपल म्हणाली. तिथं दोन वेण्यांचं कुणी उभं असावं तशी ती बाहेरच्या अंधाराकडं बघत होती. "आधी खिडकी लावा ना."

धापूबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावली.