कण्यातली तुटलेली वाट

मित्रांनो, मी पाठीच्या कण्यात राहणारा मज्जारज्जू आहे, आणि आता मोडीत निघालो आहे. करंगळीएवढा जाड, हातभर लांब, लोण्यासारखा मऊ. म्हणूनच मला मणक्यांच्या हाडांत जपून ठेवलेले असते. मी ज्यांच्या पाठीत आहे ते आसाराम पाथर्डीकडचे ऊसतोड कामगार. वय एकोणचाळीस.

त्यांच्या आईच्या पोटात, पहिल्याच महिन्यात मी घडू लागलो. पुढे माझे काम एकच राहिले. मेंदूचा हुकूम खाली पोचवायचा आणि अंगाची खबर वर न्यायची. ‘पाऊल उचल’ हा संदेश विजेच्या बारीक लहरीसारखा चेतातंतूंमधून धावे आणि पापणी लवण्याआधी पायाला पोचे. तळव्याला उसाचा खुंट टोचला की ती कळ उलट वर जाई. आसारामांच्या ताकदीचे सगळे कौतुक करत. मी आहे हे कोणाला ठाऊकही नव्हते.

गेल्या हंगामात ते श्रीगोंद्याकडे तोडीला गेले. पत्नी केशरबाई उसाच्या मोळ्या बांधत आणि आसाराम त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत. डिसेंबरातल्या एका सकाळी फळी दवाने ओली होती. पाय घसरला आणि ते मोळीसकट पाठीवर पडले.

टोळीतला सहादेव हसला. म्हणाला, “मोळी डोक्यावर न्यायची आस्ती, आसारामा. अंगावर घिऊन झोपायची न्हाई.”

आसाराम उठले नाहीत. एक मणका मोडला होता. मी मात्र तेव्हा शाबूत होतो. सहादेवने पायाची बोटे हलवायला सांगितली. त्यांनी दहाही हलवली. मग सगळ्यांना वाटले, फार काही नाही. त्यांनी आसारामांना काखेत धरून उठवले, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवले आणि केशरबाईंच्या शालीने सहादेवच्या पाठीशी बांधले. दवाखाना तीन किलोमीटरवर होता. शेतातल्या वाटेवर गाडी आदळत गेली, तसा मोडक्या हाडाचा तुकडा माझ्यात रुतत गेला.

अर्ध्या वाटेत आसारामांनी विचारले, “सहादू, माझं पाय कुठं हायेत रं?”

सहादेवने खाली पाहिले. पाय जमिनीवर घासत होते.

डॉक्टरांनी मणका स्क्रूने बसवला. तो जुळला. आता ते गावी खाटेवर असतात. केशरबाई रोज त्यांचे तळवे पुसतात. परवा बोट लागताच पाय झटक्याने आखडला. त्या हळूच म्हणाल्या, “हालला. म्या बगितला. अवं, पाय जागा व्हतोय.”

“मग मला का कळंना?” आसारामांनी विचारले.

त्याचे उत्तर मला माहीत आहे. जखमेखालचा माझा भाग अजून जिवंत आहे. तळव्याची खबर मिळताच तो मेंदूला न विचारता पाय ओढून घेतो. चालायला मात्र मेंदूचा हुकूम लागतो, आणि तो जखमेपाशीच थांबतो. हाड जुळते, कातडी भरून येते. मी जुळत नाही.

मित्रांनो, कोणी उंचावरून पडून पाठ दुखते म्हणाले, तर बोटे हलतात म्हणून त्याला बसवू नका. पडल्या जागी सपाट राहू द्या, मान आणि पाठ हलू देऊ नका, रुग्णवाहिका बोलवा. उशीर झाला तरी तिची वाट पाहा.

केशरबाई आता दिवसातून दहा वेळा तळव्याला बोट लावतात आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. दर वेळी मी पाय ओढतो. न ओढणे मला जमत नाही.