वहिनीचा फेसवॉश

घरात सगळे तिला धाकटी म्हणत. सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात ती तपासणीच्या प्रयोगशाळेत होती, हाताखाली माणसं होती, पण भावाच्या घरात पाऊल टाकलं की ती धाकटीच. तिच्या शिक्षणात वहिनीचा वाटा मोठा. परीक्षा आली की धाकटीच्या वाटची कामं वहिनी मुकाट्याने अंगावर घ्यायची आणि वर म्हणायची, ‘तू बस गं पुस्तक घेऊन, इथे लुडबुड नको.’

मुलगी शाळेत जायला लागली, तशा वहिनीच्या दुपारी मोकळ्या झाल्या. तिने घरच्या घरी फेसवॉश करायला घेतला. तयार लिक्विड सोप आणायचा, त्यात गुलाबपाणी, ग्लिसरीन आणि कोरफडीचा गर घालून घोटायचं. शेजारणींनी नेला, त्यांनी आपल्या बहिणींना दिला, आणि बघता बघता ओट्यावर भांड्यांपेक्षा बाटल्या जास्त दिसू लागल्या. वहिनी काम करताना गुणगुणू लागली. हे धाकटीच्याही लक्षात आलं होतं.

एका रविवारी घरात पाहुणे जमले होते. भावाने बायकोचं कौतुक करता करता म्हटलं, की आता धाकटीच्या कारखान्याला टाळं लागणार. सगळे हसले. त्याच आठवड्यात धाकटीची बढती हुकली होती. तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तिच्या कामाबद्दल कधी कुणी विचारतही नसे. वहिनीने दुकानातल्या दोन-तीन बाटल्या आणून टेबलावर मांडल्या, शेजारी आपली ठेवली.

“तूच सांग. तुझ्याइतकं यातलं कुणाला कळतंय? आणि खरं सांग हं.”

धाकटी खुलली. घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी लिहितात, हे तिने समजावलं. एका बाटलीवर काकडीचं भलंमोठं चित्र होतं आणि यादीत काकडी शेपटाला. ‘म्हणजे काकडीने लांबून नुसता हात हलवलाय,’ ती म्हणाली. पाहुणे खूश झाले. मग तिने पर्समधून तपासणीची कागदी पट्टी काढली आणि वहिनीच्या फेसवॉशचा थेंब पाण्यात मिसळून त्यात बुडवली. पट्टी गडद निळी झाली, म्हणजे क्षार जास्त.

“वहिनी, चेहऱ्याचं माहीत नाही, पण भांडी लख्ख निघतील. आणि कोरफड बाटलीतच नासेल ती वेगळीच.”

हशा पिकला. वहिनीही हसली, आणि कप गोळा करून आत गेली.

धाकटी बोलली त्यात खोटं काही नव्हतं. साबण कडक होता, चेहरा ओढला जायचा. पण साबणाऐवजी सौम्य बेस घेतला आणि न नासण्यासाठी योग्य ते थोडंसं घातलं, की काम झालं असतं. कारखान्यात नव्याने आलेल्या मुलींना ती हेच शिकवायची. त्या दिवशीही ते तिच्या ओठांवर आलं होतं. पण लोक हसत होते, तिच्याकडे बघत होते, आणि तिला ते सोडवेना.

वहिनीने फेसवॉश करणं बंद केलं. विचारलं तर म्हणाली, पोरीचा अभ्यास असतो. कुणाची तरी कातडी वाचली, अशी धाकटीने स्वतःची समजूत घातली. ती समजूत पुढे अनेक वर्षं टिकली.

भाची मोठी झाली, चेहऱ्यावर मुरुमं आली. धाकटी भेटायला आली, तेव्हा तिने दोन फेसवॉश पुढे ठेवून कुठला घेऊ म्हणून विचारलं. धाकटीने तिला जवळ बसवून एकेक शब्द उलगडून सांगितला. फेस कशाने येतो, त्वचा कोरडी कशाने पडते, नुसत्या वासासाठी काय घालतात. वहिनी समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच तिने विचारलं,

“मग माझा साबणाचा बेस बदलला असता, तर चाललं असतं?”

प्रश्न इतका नेमका होता, की वहिनीने तो आज पहिल्यांदा मनात आणलेला नाही हे धाकटीला कळलं.

“हो.”

“तुला माहीत होतं तेव्हा?”

भाची एकदा आईकडे, एकदा आत्याकडे बघत राहिली.

“होतं, वहिनी.”

वहिनीने हातातली घडी पुरी केली. “मला वाटायचं, आपल्यालाच जमण्यातलं नव्हतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. धाकटीने माफी मागितली, आपण दोघी मिळून पुन्हा सुरू करू म्हणाली. वहिनीने नकारार्थी मान हलवली. तेव्हा हौस होती, आता नाही, आणि हौस काही आणून देता येत नाही, इतकंच म्हणाली. मग मुलीला म्हणाली, आत्या सांगते तोच घे.

पुढच्या भेटीत धाकटीने प्रयोगशाळेत खपून केलेली एक बाटली आणली. तेच गुलाबपाणी, तीच कोरफड, फक्त बेस सौम्य. वहिनीने लगेच चेहरा धुऊन पाहिला, टॉवेलने टिपला.

“छान झालाय,” ती म्हणाली, पाहुण्यांनी आणलेल्या वस्तूला म्हणतात तसं, आणि धाकटीला जेवूनच जा म्हणाली.