मुकुटाखालचं कपाळ

कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात सम्राज्ञीचा देह जांभळ्या वस्त्रांत ठेवला होता. रिवाजाप्रमाणे भालदाराने पुकारलं, "सम्राज्ञी, राजांचा राजा ख्रिस्त तुला बोलावतोय. मुकुट उतरव!"

तो उतरवायचा मान लेकीचा, अँथूसाचा. तिने हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला.

"घाबरतेस काय, बाळ?" म्हातारी दासी डोम्निका कुजबुजली. "केस विस्कटले म्हणून आता ओरडायच्या नाहीत त्या."

मुकुट निघाला की एकदा तरी नुसती आई दिसेल, एवढीच अँथूसाची आस होती. तिने तो उचलला. खाली कपाळभर, इतक्या वर्षांच्या वजनाने पडलेली खोल खाच होती, जणू मुकुट अजून तिथेच होता.

मुकुट उतरल्यावर कुणी झुकायचं नाही, असा दरबाराचा नियम होता. तरी सगळे गुडघ्यांवर आले, आणि त्यांच्याबरोबर अँथूसाही.