केशरसाठी वाळ्याची ताटी

प्रियदर्शनी चार दिवसांसाठी बंगळुरूला निघाली, तेव्हा घराची किल्ली, दूधवाल्याचा नंबर आणि केशर, असं सगळं तिने बाबांच्या हवाली केलं. केशर म्हणजे तिने रीतसर नोंदणी करून पाळलेली परदेशी सापीण. हिंमतरावांना साप मुळीच आवडत नसत. पण बायको गेल्यावर ते अकोल्याहून कोथरूडला लेकीकडे आले, त्याला वर्ष झालं होतं, आणि वर्षभरात त्यांना कोणी साधी कोथिंबीरही आणायला सांगितली नव्हती. हे पहिलं काम चोख पार पाडायचं, असं त्यांनी ठरवलं.

एप्रिल महिना. अकोल्याच्या माणसाला उन्हाळ्यातला पाहुणचार शिकवावा लागत नाही, आल्यागेल्याला तो आधी गारव्यात बसवतो. हिंमतराव स्वतः पंख्याखाली घामाघूम झोपले आणि केशरच्या खोलीतला ए.सी. दिवसरात्र चालू ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी केशरने कात टाकायला घेतली आणि सगळं बिनसलं. लेक सांगून गेली होती की कात अख्खी निघते, पायमोजा उलटा काढावा तशी. ही मात्र चिंध्या होऊन अंगाला चिकटली, डोळ्यांवरचा पापुद्राही सुटेना. केशरच्या डोळ्यांना काही झालं, तर प्रियदर्शनी ओरडणार नव्हती. 'असू द्या, बाबा' म्हणाली असती आणि पुन्हा काही सोपवलं नसतं. त्याचीच हिंमतरावांना धास्ती होती.

केशरची पेटी घेऊन ते रिक्षात बसले. आत काय, असं रिक्षावाल्याने विचारलं, तर आंबे म्हणाले. सापांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर मिसबांनी सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली.

"ए.सी. लावलात, छान केलंत. स्वेटर विणायचा राहिला का, काका?"

"मले वाटलं, बिचारीले उकडत असन," हिंमतराव मान खाली घालून म्हणाले.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. ए.सी.ने हवा कोरडी होते आणि कोरड्या हवेत जुनी कात सुटत नाही. ओढायचं नाही, डोळ्यांना हात लावायचा नाही. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवायचं, मग डब्यात काहीतरी ओलसर, खरखरीत घालून त्यात सोडायचं. अंग घासून तीच मोकळी होईल.

खरखरीत काय, याचा हिंमतरावांना फार विचार करावा लागला नाही. गॅलरीत अकोल्याहून आणलेला त्यांचा कूलर चादरीखाली पडून होता. भंगारात द्या, असं लेक दोनदा म्हणाली होती, तरी त्यांनी गुपचूप वाळ्याच्या नव्या ताट्या आणून ठेवल्या होत्या. त्यातली एक त्यांनी मोडली, वाळा धुऊन ओला केला, डब्यात पसरला आणि कोमट पाण्यातून काढलेल्या केशरला त्यात सोडलं. मग दिवसभर स्टूल टाकून शेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाळ्यात कातीचे तुकडे अडकले होते आणि डोक्यावरची कात डोळ्यांवरच्या दोन चकत्यांसकट निघाली होती. केशर लख्ख डोळ्यांनी बघत होती. हिंमतरावांनी तिला चक्क हात जोडले.

संध्याकाळी प्रियदर्शनीने चपला काढायच्या आतच त्यांनी ए.सी.पासून सगळं कबूल केलं. तिने केशरला उचलून निरखलं, डबा हुंगला आणि हसत सुटली.

"पुढच्या महिन्यात मला परत जायचंय, बाबा. केशरचं तुम्हीच बघा."

हिंमतराव कसंबसं 'हो' म्हणाले आणि डोळे पुसायला गॅलरीत गेले. मागून तिचा आवाज आला, "आणि तो कूलर भंगारात देऊ नका."