गाडीची चूक

आमच्या कारखान्यात नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याला वाटायचं, आपण वेड्यांच्या घरात नोकरी धरली. एका कोपऱ्यातून कोणी ओरडायचं, "मास्तर नीट वाकलाय का बघ." दुसरा म्हणायचा, "पाहुण्याला टांगून झालं, आता आचाऱ्याला कुलूप घाल." नवा माणूस पोट धरून हसायचा. मग जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्याला सगळं सांगायचं आणि त्यानंतर तो हसायचा नाही.

आम्ही बनवायचो ती सुरुंगावरून जाणारी गाडी. खाली स्फोट झाला तरी आतली माणसं जिवंत उतरावीत, एवढ्यासाठी ती जन्माला आली. ती माझ्या बाबांनी बनवली. त्याआधी जवानांना साध्या ट्रकमधून नेत आणि ट्रकच्या तळाशी वाळूची पोती अंथरत. सुरुंग फुटला की वाळूसकट माणसं वर जायची. त्यात शाळा सोडून फौजेत आलेला एक मास्तर गेला. तेव्हा बाबांनी गाडीचं बूड होडीसारखं केलं. दोन जाड पत्रे मधोमध कोनात जोडले, म्हणजे स्फोटाचा धक्का अंगावर न घेता दोन्ही बाजूंनी निसटून जाईल. त्या कोनाला कारखान्यात मास्तर म्हणतात. पुढच्या स्फोटात गाडी टिकली, पण सुट्टीवर घरी निघालेला एक जवान वाटेत पाहुणा म्हणून गाडीत बसला होता, त्याचा कणा मोडला. सीट जमिनीला ठोकलेली होती आणि जमिनीचा हादरा सरळ पाठीत गेला. तेव्हापासून सीट छताला टांगतात. तिचं नाव पाहुणा. आणि एकदा सगळे सुखरूप असताना मोकळा पडलेला जॅक उडून आचाऱ्याच्या डोक्यात बसला, म्हणून अवजारांच्या पेटीला कुलूप आलं आणि पेटीचं नाव आचारी पडलं.

नाव सगळ्यांना मिळत नसे. गाडी जिथे चुकली तिथेच ते मिळायचं. छतावर बसून गाणी म्हणत जाणारा एक जण झाडाची फांदी लागून खाली पडला आणि गेला. त्याच्या नावाचा साधा नटसुद्धा नाही.

बाबांचा आणखी एक नेम होता. मोडलेली गाडी आवारात परत आली की कोणी तिला पाना लावायच्या आधी बाबा आत जात, मेलेल्या माणसाच्या सीटवर पट्टा लावून बसत. काय करत, देव जाणे. उतरले की पेन्सिल मागत.

मी तिथे शिवण विभागात होते. सीटचे पट्टे मी शिवायचे आणि माझा पट्टा हत्तीलासुद्धा तुटायचा नाही, असा माझा तोरा होता. माझा नवरा चाचणीच्या गाड्या चालवायचा, पुढे फौजेबरोबर जायला लागला. मित्र त्याला छळायचे, सासऱ्याची गाडी, बायकोचा पट्टा, ह्याचं आपलं फक्त स्टिअरिंग. तो हसायचा आणि पट्टा लावायचा. न लावून सांगतो कोणाला? घरी मी आणि बाबा बसलो होतो ना विचारायला.

त्याच्या गाडीने सुरुंग पचवले आणि प्रत्येक वेळी तो कान चोळत घरी आला. शेवटी गेला तो एका कालव्याच्या कडेला. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून त्याने गाडी बाजूला घेतली, भिजलेली कड खचली आणि गाडी उलटून पाण्यात पडली. पाणी कमरेएवढं. मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेच नव्हते, ते खरचटून का होईना बाहेर आले. ज्याने लावला होता तो आत राहिला. सुरुंगापासून लांब राहावी म्हणून बाबांनी गाडी उंच केली होती आणि नाकापेक्षा मोती जड तशी ती वरून जड झाली होती, हे कारखान्यात पोराटोरांना ठाऊक होतं.

चौकशीवाले आले, चहा प्यायले आणि म्हणाले, गाडी कडेला नेली ही चालकाची चूक. बाबा तिथेच बसले होते. तोंडात मिठाची गुळणी धरून.

मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. पण एक दिवस राहवलं नाही, त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, गप्प का बसलात. त्यांनी वर बघितलं नाही.

"गाडीला बोल लागला तर ती बंद करतील," ते म्हणाले. "पोरं परत सपाट ट्रकमध्ये बसतील. गेलेल्याला चुकीचं ओझं होत नाही."

"त्याला होत नसेल. त्याच्या आईला होतं."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला. सासूबाई दाराबाहेर पडेनाशा झाल्या होत्या. शेजारी वाईट बोलत नव्हते, उलट फार गोड बोलायचे, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. नवऱ्याची गाडी आवारात येऊन पडली होती, ताडपत्रीखाली, चिखलासकट. बाबा तिच्याकडे पाठ करून जात. पहिल्यांदाच एका गाडीत ते बसले नव्हते.

मग सासूबाईच एका सकाळी माझ्याबरोबर निघाल्या. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. बाबांच्या खोलीत गेल्या, खुर्ची दिली ती घेतली नाही.

"व्याहीबुवा, मी भांडायला आलेले नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा पट्टीचा पोहणारा. कमरेएवढ्या पाण्यात तो कसा बुडाला, एवढंच मला सांगा. बाकी कोणाला माहीत नसेल, तुम्हाला माहीत असेल."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. बाबा उठले आणि त्यांनी क्रेनवाल्याला हाक मारली.

ताडपत्री काढली. बाबा चालकाच्या सीटवर बसले, पट्टा लावला आणि म्हणाले, आता गाडी उलटी कर. क्रेनवाला त्यांच्याच वयाचा. तो म्हणाला, साहेब, मला घरी बायको-मुलं आहेत, हे पाप माझ्या हातून नको. बाबांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. त्याने डोळे पुसले आणि साखळ्या अडकवल्या. गाडी हळूहळू कलली आणि टप खाली होऊन वाळूच्या पोत्यांवर टेकली. आम्ही सगळे थांबलो. पट्टा काढून ते बाहेर येणार असं ठरलं होतं.

ते आले नाहीत. आतून पत्र्यावर बुटाचे आवाज आले, मग तेही थांबले.

मी दारातून सरपटत आत गेले. बाबा उलटे लोंबकळत होते, चेहरा काळानिळा, दोन्ही अंगठे पट्ट्याच्या कडीवर. सगळ्या अंगाचा भार त्या कडीवर आला होता आणि ती जाम बसली होती. मीही दाबली, माझ्यानेही हलली नाही. माझ्या ॲप्रनच्या खिशात शिवण उसवायची वाकडी सुरी असते. ज्या पट्ट्याचा मी तोरा मिरवला तो मी तिने कापला, आणि बाबा माझ्या अंगावर कोसळले.

आम्ही दोघं त्या चिखलाच्या वासात छतावर पडून होतो. ते हुंदके देत होते. लहानपणापासून मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. मीही रडले, मनसोक्त रडले.

"पाणी नव्हतं ग," ते म्हणाले. "पाणी नव्हतं, तरी नाही उघडलं."

त्या दिवशी ते पेन्सिल मागायच्या आधी सासूबाईंकडे गेले आणि उंबऱ्यात उभं राहून त्यांनी हेच सांगितलं. मग वरच्या लोकांनाही लिहून कळवलं, चूक गाडीची आहे, म्हणजे माझी. गाडी बंद झाली नाही. चाकं आणखी रुंद लावली, कडी बदलली. बाबांना मात्र घरी बसवलं. ते कुरकुरले नाहीत.

पुढे नव्या गाड्या तयार झाल्या तेव्हा मी सासूबाईंना बघायला घेऊन गेले. प्रत्येक सीटच्या खांद्यापाशी एक छोटी वाकडी सुरी खोचलेली होती, लाल मुठीची. तेवढ्यात एक नवा फिटर पलीकडून ओरडला, "सगळ्या सीटना जावई लागलाय का बघ रे."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना सांगितलं, कोणाचं नाव लागतं आणि कधी लागतं. त्या माझा हात धरून गाडीत चढल्या आणि चालकाच्या सीटवर बसल्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. मला म्हणाल्या, पट्टा लाव. मी लावला. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले, श्वास रोखून धरला आणि हात चाचपत खांद्याकडे नेला.

"सापडतो," त्या म्हणाल्या. "न बघताही सापडतो."

त्यांनी मूठ सोडली नाही. मी बाजूला उभी राहिले आणि त्यांनी श्वास घ्यायची वाट बघू लागले.